फ्लायव्हीलचे किलो आणि पायाचं माप

व्यायामाची सायकल घरी आणायची ठरली की दुकानात असो वा फोनवर, पहिला प्रश्न ठरलेला असतो: फ्लायव्हील किती किलोचं? सहा किलोचं म्हटलं की विक्रेता ‘सुरुवातीला चालेल’ म्हणतो, दहा किलोला त्याचा सूर सावरतो आणि अठरा-वीस किलोच्या मॉडेलपाशी पोहोचला की ‘ही घ्या, अगदी जिमसारखी’ हे वाक्य येतं. साधारण १५ ते ३५ हजार रुपयांच्या सायकलींना इथे मध्यम किमतीच्या म्हणतो आहे. त्यांच्या जाहिरातींत तर किलोंचा आकडाच सगळ्यांत ठळक छापलेला असतो. माझा आक्षेप या आकड्याच्या खरेपणावर नाही. अठरा म्हणजे अठराच असतील. पण त्या आकड्यावरून सायकल चांगली की वाईट हे ठरत नाही, आणि या किमतीत एका जागी घातलेला रुपया कुठून तरी काढूनच आणलेला असतो. तो बहुतेक वेळा सीट मागेपुढे करण्याच्या सोयीतून, बेअरिंगमधून आणि रेझिस्टन्सच्या यंत्रणेतून काढलेला असतो. घरच्या सरावाला नेमक्या याच गोष्टी लागतात.

आधी किलोंचाच हिशेब करू. फ्लायव्हीलचं काम एकच: पेडलवर पडणारा जोर सारखा नसतो, पाय वर-खाली असताना तो ओसरतो, त्या क्षणी चाकाने साठवलेल्या गतीवर पेडल पुढे न्यायचं. कुंभाराचं चाक एकदा दांडक्याने फिरवलं की घट आकाराला येईपर्यंत फिरत राहतं, तेच तत्त्व. पण चाकात किती गती साठते हे वजनाइतकंच त्या वजनाच्या जागेवर आणि चाकाच्या वेगावर अवलंबून असतं, आणि वेगाचा परिणाम वर्गाने वाढतो. समजा, एका सायकलचं फ्लायव्हील १८ किलोचं आहे आणि पेडलच्या एका फेऱ्यात ते चार वेळा फिरतं. दुसरीचं तेवढ्याच व्यासाचं पण ६ किलोचं आहे आणि पेडलच्या एका फेऱ्यात आठ वेळा फिरतं. सोळाला अठराने गुणलं तर २८८. चौसष्टला सहाने गुणलं तर ३८४. म्हणजे तिप्पट हलक्या चाकात एक तृतीयांश जास्त ऊर्जा साठली. शिवाय तेच वजन सपाट तबकडीत पसरवण्याऐवजी कडेच्या कड्यात घातलं तर परिणाम जवळपास दुप्पट होतो. पेडलमागे चाक किती वेळा फिरतं आणि वजन मध्यापासून किती दूर आहे, हे माहीत नसताना नुसते किलो सांगणं अर्धवट आहे. हे दोन आकडे जाहिरातीत शोधून पाहावेत. बहुधा सापडणार नाहीत.

यावर प्रत्यक्षातला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या पेलोटन कंपनीच्या मूळ सायकलचं फ्लायव्हील ३८ पौंडांचं, म्हणजे साधारण १७ किलोंचं आहे. जिममध्ये सर्रास दिसणाऱ्या कायझर कंपनीच्या ‘एम थ्री’ मालिकेत, ‘एम थ्री आय’सारख्या मॉडेलमध्ये, फ्लायव्हील ८ पौंडांचं, म्हणजे साडेतीन किलोंच्या आसपास आहे. ते मागच्या बाजूला बसवलेलं आणि बऱ्याच वेगाने फिरणारं असतं. दोन्ही यंत्रं आपल्या मध्यम किमतीच्या कितीतरी पट महाग. किलो हाच निकष खरा असता तर दुसऱ्या कंपनीला इतकी वर्षं गिऱ्हाईक मिळालं नसतं.

‘पण जड चाकाची सायकल मऊ चालते, हे पायालाच कळतं की!’ हा आक्षेप निराधार नाही. एका मर्यादेपर्यंत तो बरोबरच आहे. १८ किलोची, २२ सेंटीमीटर त्रिज्येची तबकडी पेडलच्या चौपट वेगाने फिरते आहे आणि पेडल मिनिटाला ८० फेरे घेतं आहे असं धरलं, तर तिच्यात सुमारे २४५ ज्यूल साठतात. चाक तेवढंच आणि वेगही तोच ठेवून वजन ६ किलो केलं तर ८०-८२ ज्यूल. १०० वॅटने पेडल मारणारा माणूस अर्ध्या फेऱ्यात ३७ ज्यूलांच्या आसपास काम करतो. साठा ८० ज्यूलांचा असेल तर प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला पायाला हिसका जाणवणार, विशेषतः सावकाश पण जोर लावून मारताना. २४५ असेल तर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे एक किमान पातळी लागते, तीही साठ्याची, नुसत्या वजनाची नव्हे. ती गाठल्यावर वाढवलेल्या किलोंनी पायाला मिळणारा फायदा झपाट्याने घटत जातो. ‘रस्त्यावरच्या सायकलसारखा अनुभव’ या दाव्याची गत याहून वाईट आहे. सायकल धरून ८० किलो वजनाचा माणूस ताशी २० किलोमीटरने जात असेल तर त्याच्या अंगच्या गतीत बाराशेहून जास्त ज्यूल असतात. तुमचं अठरा किलोचं चाक त्याच्या पाचव्या हिश्शाशी रेंगाळतं. रस्ता घरात आणायचा म्हटलं तर अठरा किलोही अपुरे, आणि रस्ता आणायचा नसेल तर इतके लागत नाहीत.

आणखी एक समज असा की जड चाक फिरवायला जास्त मेहनत लागते, म्हणून व्यायाम जास्त होतो. हा सरळसरळ गैरसमज आहे. वर काढलेले २४५ ज्यूल म्हणजे १०० वॅटने मारणाऱ्याचं अडीच सेकंदांचं काम. चाक एकदा वेगात आलं की ते काहीही मागत नाही. पुढच्या अर्ध्या तासाची सगळी मेहनत रेझिस्टन्स घेतो. अर्ध्या तासात एक लाख ऐंशी हजार ज्यूल काम होतं, त्यातले हे अडीचशे. यावरून सायकलची किंमत ठरवायची?

हा आग्रह आला कुठून, हे पाहिलं की त्याची मर्यादाही कळते. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे जॉनी गोल्डबर्ग यांनी कॅलिफोर्नियात ‘स्पिनिंग’ हा गटाने सायकल मारण्याचा प्रकार रुजवला आणि १९९०च्या दशकात श्विन कंपनीने त्यासाठी सायकली बनवल्या. त्या स्टुडिओच्या सायकलींत चाकावर पॅड घासून रेझिस्टन्स मिळे, आणि पेडल चाकाला पक्कं जोडलेलं असे, म्हणजे पाय थांबवला तरी पेडल फिरतच राहायचं. त्या रचनेत, त्या वेगाला, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड चाकाला अर्थ होता. घरात तीच रचना आणली की अर्थ उलटतो. पेडल पक्कं जोडलेलं असताना पाय निसटला, तर साठलेले सगळे ज्यूल फिरत्या पेडलमधून नडगीवर येतात. लहान मूल घरात असेल तर उघडं जड चाक आणखीच नको. ज्या सायकलमध्ये पेडल उलटं मोकळं फिरतं, किंवा निदान नॉब दाबताच चाक जागच्या जागी थांबतं, तीच घरात आणावी. दुकानात हे तपासायला दहा सेकंद पुरतात.

आता ज्याने खरोखर व्यायाम घडतो त्या रेझिस्टन्सकडे येऊ. मध्यम किमतीत दोन प्रकार भेटतात: चाकावर घासणारं फेल्टचं पॅड, आणि चाकाला न टेकता जवळ-दूर सरकणारे चुंबक. पॅड स्वस्त पडतं, पण ते झिजतं, घाम-धूळ धरतं, तापलं की त्याची पकड बदलते, आणि आज नॉबचे तीन वळसे दिल्यावर जो जोर लागतो तोच दोन महिन्यांनी लागेल याची खात्री नसते. चुंबकात काही घासत नाही, त्यामुळे काही झिजत नाही. ही काही नवलाईची गोष्ट नाही: डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी विद्युतचुंबकाने अडवलेली सायकल १९१३ सालीच प्रयोगशाळेत वापरली, पुढे १९२०चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. प्रयोगशाळेला हवी असते ती पुनरावृत्ती: आज मोजलं तेच उद्या मोजता यावं. स्वीडनच्या मोनार्क सायकलींवर तर शरीरक्षमतेच्या कित्येक चाचण्या उभ्या राहिल्या, कारण त्यांचा हिशेब स्वच्छ होता. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा काठ सहा मीटर सरकतो, त्यावर पट्ट्याचा एक किलोचा ताण असेल आणि मिनिटाला पन्नास फेरे होत असतील, तर जवळपास ५० वॅट. १९५४ची ऑस्ट्रांड-र्‍हिमिंग चाचणी अशाच सायकलवर सहा मिनिटं पेडल मारून आणि नाडी मोजून करतात. तिथेही घासणारा पट्टाच होता हे खरं, पण त्याचा ताण प्रत्येक वेळी मोजता येई. आपल्या नॉबखालच्या पॅडचा ताण कोण मोजतो?

घरच्या सरावालाही हीच पुनरावृत्ती हवी. चुंबकाच्या सायकलला क्रमांक दिलेल्या पातळ्या असाव्यात आणि पडद्यावर मिनिटाचे फेरे दिसावेत. एवढं असलं की वॅट दाखवणारं महागडं यंत्र नसलं तरी चालतं. चुंबकाचा रेझिस्टन्स वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे पाचवी पातळी साठ फेऱ्यांना आणि नव्वद फेऱ्यांना सारखी नसते, हे लक्षात ठेवायचं. पण पाचवी पातळी आणि मिनिटाला सत्तर फेरे, हे आज आणि तीन महिन्यांनी एकच काम आहे. त्याच कामाला नाडी आधी १४० होती आणि आता १२८ आहे, हे वहीत दिसलं की प्रगती कुणाला विचारावी लागत नाही.

इथे कॅलरीच्या आकड्याचा समाचार घेणं भाग आहे, कारण किलोंच्या खालोखाल गिऱ्हाईक त्याच्यावरच भाळतं. हाताने फिरवायच्या नॉबच्या बहुतेक सायकलींत पडद्याला जोडलेला सेन्सर फक्त फेरे मोजतो. नॉब कुठे आहे हे त्याला कळतच नाही. तपासायचं असेल तर नॉब पूर्ण सैल करून दोन मिनिटं आणि पूर्ण घट्ट करून दोन मिनिटं, त्याच वेगाने पेडल मारून पाहावं. घामात फरक पडेल, आकड्यात पडणार नाही. खरा अंदाज काढायचा तर तो अवघड नाही. सायकल मारताना शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवतं. १०० वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल काम, त्यासाठी शरीराचा खर्च साधारण १७० ते २१५ किलोकॅलरी. सामान्य माणसासाठी १०० वॅट अर्धा तास ही चांगलीच मेहनत आहे, आणि तिच्यात एका वडापावाचीही पुरती भरपाई होत नाही. पडदा पाचशे दाखवत असेल तर तो तुमची फसवणूक तुमच्याच खुशीने करतो आहे.

सीटबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे, कारण सायकल अडगळीत जाते ती बहुतेक इथूनच. पाय सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला, साधारण २५ ते ३५ अंशांत राहावा, हा सर्वमान्य संकेत. सीट त्याहून खाली असेल तर प्रत्येक फेऱ्याला गुडघ्याच्या वाटीवरचा दाब वाढतो. वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि पाठ दुखते. मापासाठी एक जुना ठोकताळा आहे: जांघेपासून जमिनीपर्यंत पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजायची आणि तिच्या १०९ टक्के अंतर खालच्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. १५२ सेंटीमीटर उंचीची बाई, जी आपल्याकडे अगदी सर्वसाधारण उंची आहे, तिच्या पायाची आतली लांबी ६९ सेंटीमीटर धरली तर सीट पेडलपासून ७५ सेंटीमीटरवर हवी. घरात १७२ सेंटीमीटरचा पुरुष असेल आणि त्याची लांबी ८० असेल तर त्याला ८७ लागेल. म्हणजे एकाच घरात बारा सेंटीमीटरचं अंतर, आणि दोघांनाही बसेल अशी सायकल हवी. जाहिरातीत मात्र ‘कमाल वजन १२० किलो’ मोठ्या अक्षरांत असतं. सीट किमान किती खाली येते, हे बहुधा कुठेच नसतं. त्याचा फटका उंच माणसाला कमी बसतो, बुटक्या बाईला जास्त. सीटच्या दांडीला तीन-तीन सेंटीमीटरवर भोकं असतील तर दोन भोकांच्या मध्ये बसणाऱ्या माणसाने काय करायचं? सीट फक्त वर-खाली होते, मागेपुढे सरकत नाही, अशा सायकलीही या किमतीत भरपूर आहेत. तिथे आखूड हातांच्या माणसाला हँडलपर्यंत ओणवं व्हावं लागतं. आठ किलोंचं चाक आणि चार दिशांना हलणारी सीट, की अठरा किलोंचं चाक आणि एका दांडीवर खिळलेली सीट, असा पर्याय समोर आला तर मला तरी क्षणभरही विचार करावा लागणार नाही.

‘म्हणजे जास्त पैसे टाका, सगळंच मिळेल’ असं कुणी म्हणेल. तसंही नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने पेलोटनच्या सुमारे २२ लाख सायकलींची सीटची दांडी परत मागवल्याचं जाहीर केलं. वापरताना दांडी तुटल्याच्या ३५ तक्रारी आणि १३ जखमी, अशी नोंद होती. २२ लाखांत ३५ हे प्रमाण नगण्य आहे, आणि कंपनीने बदली दांडी फुकट दिली, हेही सांगायला हवं. पण ज्या सायकलचा पडदा, फ्लायव्हील आणि वर्ग जगभर गाजले तिच्यात दोष निघाला तो बसायच्या जागेत. किंमत वाढली की लक्ष कुठे जातं, हे यातून दिसतं.

सर्वांत जुना आक्षेप थट्टेचा आहे: सायकल शेवटी कपडे वाळत घालायलाच लागते, मग आधी आठ हजारांची घेऊन पाहावी, सवय लागली तर चांगली घेऊ. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण आठ हजारांच्या सायकलवर सवयीची परीक्षा होत नाही, माणसाच्या सोशिकतेची होते. जी हलते, खडखडते, खालच्या मजल्यावर आवाज पोहोचवते आणि गुडघा दुखवते, ती सोडली म्हणून माणसाला आळशी ठरवायचं, आणि यंत्राला मोकळं सोडायचं, हा न्याय उफराटा आहे. पैसे खरंच कमी असतील तर याच मध्यम दर्जाची वापरलेली सायकल अर्ध्या किमतीत शोधावी. अडगळीत टाकलेल्यांची संख्या पाहता ती मिळायला अडचण पडू नये.

‘त्यापेक्षा चाला की, फुकट आहे’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त पटतो, आणि ज्याला चालता येतं, चालायला जागा आहे, त्याने सायकल घेऊच नये. पण लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. चालणं फुकट असूनही ही स्थिती आहे. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात पाऊस, एरवी तुटलेले फुटपाथ, आणि बाईला पहाटे किंवा रात्री एकटीने बाहेर पडताना करावा लागणारा विचार, यांना फुकट म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. त्यातली बरीचशी मिनिटं घरातल्या सायकलवर निघू शकतात. सगळंच निघत नाही. त्याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही आहे, आणि सायकलवर शरीराचा भार सीट वाहते म्हणून हाडांना तिचा विशेष उपयोग होत नाही. विक्रेता हे सांगणार नाही.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. चुंबक मोटरने सरकणाऱ्या सायकली आता या किमतीत येऊ लागल्या आहेत. त्यातली जी फक्त कंपनीच्याच अ‍ॅपशी बोलते ती कंपनीच्या मर्जीवर चालते. व्यायामयंत्रांसाठी ब्लूटूथची सामायिक पद्धत २०१७ पासून आहे. ती असेल तर ती पद्धत वापरणारं कुठलंही अ‍ॅप चालतं. दुरुस्तीचंही तसंच: पेडलचे आटे ९/१६ इंची असतील तर झिजलेलं पेडल सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळतं, अर्ध्या इंचाचे असतील तर शोधाशोध. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे जोडणाऱ्या माणसाला माहीत आहे ना, तेवढं पाहावं; नाहीतर पहिल्याच दिवशी क्रँक खराब होतो. आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांनी घामाचा थेंब रोज पुसावा, कारण गंज वॉरंटी वाचत नाही.

उरला शेवटचा आक्षेप, जो उत्पादकांचा आहे: गिऱ्हाईकच किलो विचारतं, आम्ही काय करणार? गिऱ्हाईक किलो विचारतं कारण त्याला दुसरं काही सांगितलंच जात नाही. या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात वापरानुसार व्यावसायिक वापराचा ‘एस’ आणि घरगुती वापराचा ‘एच’ असे वर्ग आहेत, आणि अचूकतेनुसार ‘ए’, ‘बी’, ‘सी’. ‘ए’ सर्वांत काटेकोर, ‘सी’ जेमतेम. युरोपात विकल्या जाणाऱ्या सायकलींवर ही अक्षरं सापडतात. आपल्याकडच्या खोक्यावर ती दोन अक्षरं, सीटची किमान आणि कमाल उंची, आणि पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरतं तो आकडा, एवढं छापलं तर किलोंचा आकडा काढून टाकायलाही माझी हरकत नाही.